फुटका ळ

अनसुरकर गल्लीतल्या छापखान्यात
एकोणीस वर्षं मी खिळे जुळवले.
उलटं वाचायची सवय अशी जडली
की घरी पोरांची पाटीसुद्धा उजवीकडून बघायचो.

फादर कायतान सोज यायचे खानापूरच्या पहिल्या गाडीनं.
झग्याच्या काठाला तांबडी माती, काखेत वह्या.
'बसा की' म्हटलं तरी बसायचे नाहीत,
उभ्यानं बघायचे
माझी बोटं 'विवेक' कसा जुळवतात ते.

पुस्तक लहानच. चौसष्ट पानं.
अडतिसाव्या पानावर एक बाळ होतं,
बाप्तिस्म्याचं पाणी कपाळाला लागण्याआधी गेलेलं,
म्हणून जांभ्याच्या गडग्याबाहेर
करवंदीच्या जाळीत पुरलेलं.
फादरनी लिहिलेलं:
रात्री मीच कुदळ घेतली. मीच त्याला आत आणलं.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
चुकलो असेन तर दाखवा मला. गप्प करू नका.

त्या 'बाळ'मधल्या ळचा एक कान उडालेला.
बदलू म्हणून मी बाजूला खूण केली,
आणि विसरलो.

परवाना मला माहीत होता तो रॉकेलचा, फार तर दारूचा.
पुस्तकालाही लागतो,
हे कॅम्पातून जाड लखोटा आला तेव्हा कळलं.
चार ओळी इंग्रजीत, एक लॅटिनमध्ये.
मराठी पुस्तकाबद्दल मराठी शब्द एकही नाही.
फादरनीच मला उलगडून सांगितलं,
दुसऱ्याच्या तापाचा आकडा वाचावा तसं:
अडतिसावं पान काढावं.
लेखकानं वर्षभर लिहू नये, प्रवचन करू नये.

मी म्हटलं, 'काढतो की एक पान. कोण मोजतंय?'
ते म्हणाले, 'आज्ञा पाळीन असं मी गुडघ्यावर बसून बोललोय.
पण विवेक बाहेर चपलांजवळ ठेवून ये,
असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.'
बराच वेळ शाईच्या रुळाकडे बघत राहिले.
'सोडा,' म्हणाले.
'अडतिसावं?'
'सगळं.'

चौसष्ट पानं सोडायला चार दिवस लागले.
एकेक खिळा आपापल्या घरात.
विवेकातला व बिडीच्या जाहिरातीत गेला,
क कुणाच्या कुंकवाच्या पत्रिकेत.
शिशाला कशाचंच काही नसतं.

पावसाळा सरता सरता बिशप स्वतः आले,
नाताळच्या पत्राचा मजकूर घेऊन.
(कानडी पत्र समोरच्या छापखान्यात जायचं,
आमच्याकडे मराठी आणि कोंकणी.)
वाटले होते तसे नव्हते. म्हातारे, हात कापत होते.
जाता जाता दारात थांबले.
'त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं?'
मला ठाऊक नव्हतं.
'मलाही कुणी सांगितलं नाही,' म्हणाले,
आणि छत्री नसताना छत्री शोधू लागले.

त्या रात्री 'बाळ येशू' जुळवताना
हाताला तोच ळ आला.
घरात धड ळ अकरा होते, खोटं कशाला बोलू.
तोच लावला.

प्रूफ कॅम्पातून परत आलं, लाल शाईनं माखून.
स्वल्पविराम, वेलांट्या, एक 'आणि' जास्तीचा.
ळभोवती गोल केलेला,
गोलावर काट,
आणि बाजूला दोनच शब्द:
असू दे.

अक्षर कुणाचं, ओळखता आलं नाही.
कारकुनाचंही असेल.

फादरना तोवर कणकुंबीला धाडलं होतं.
प्रवचन बंद होतं, बिशपांचं पत्र वाचायला बंदी नव्हती.
तिथून आलेला एक लाकूडवाला सांगत होता,
पहिल्याच ओळीत फादर अडखळले,
कागद डोळ्यांजवळ नेला,
आणि लोकांना वाटलं, चष्मा बदलायला झालाय.